सामान हलवताना

बाबांच्या चौदा बंदिशी मी 2011 ते 2014 या काळात बडोद्याच्या घरी रेकॉर्ड केल्या. घर दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. बाबा बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. "आवाज आहे तोवर नीट गाऊन ठेवू," असं त्यांनीच एकदा जेवताना म्हटलं. मी हैदराबादला नोकरीला होते. सुट्टीत गेले की दोन माइक आणि एक छोटा इंटरफेस घेऊन जायची. खिडकीला रजई टांगायची, पंखा बंद करायचा आणि मे महिन्याच्या बडोद्यात बाबा घामाने निथळत यमन गायचे. एक माइक गळ्यासमोर, दुसरा पेटीसमोर. तानपुरा यंत्राचा, तोही बाबांच्या एकाच कानात. तबला शेजारचा एक मुलगा नंतर येऊन वाजवायचा.

आई 2018 मध्ये गेली. पुढच्या वर्षी बाबा माझ्याकडे आले. घर आवरताना काय ठेवायचं, काय द्यायचं यावर आमचे वाद झाले. पेटी आली, आईचा पाटा-वरवंटा आला नाही. ज्या कॉम्प्युटरवर या बंदिशी होत्या, तो अर्थात आला. गेल्या पावसाळ्यात तो कुरकुरायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक सामान अजून हलवायचं राहिलंय.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटेल, फाइल उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची, त्यात काय? मलाही तसंच वाटत होतं. पण रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये आपण जी 'प्रोजेक्ट' फाइल जपून ठेवतो, तिच्यात बहुतेक वेळा आवाज नसतोच. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असतो, माइकने जसा घेतला तसाच. प्रोजेक्टमध्ये असतात त्या फक्त सूचना: हा तुकडा इथून सुरू कर, इथे थांब, इथे हळूहळू कमी हो, याला थोडा घुमारा दे. शिंप्याने कापड न कापता नुसतं दुमडून टाचण्या लावून ठेवावं तसं. वरून बघणाऱ्याला शिवलेला सदरा दिसतो, पण आत सगळं कापड शाबूत असतं. दुसऱ्या प्रोग्रॅमला या टाचण्यांची भाषा कळत नाही.

मधला मार्ग म्हणून काही सामाईक स्वरूपं आहेत. एएएफ नावाचं एक आहे. त्यातून कुठला तुकडा कुठे ठेवला होता ते पलीकडे जातं, पण आपण लावलेले इफेक्ट सहसा जात नाहीत. 2023 साली बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी मिळून डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचं खुलं स्वरूप आणलं, त्यातून पुष्कळ काही जातं म्हणतात. पण माझा प्रोग्रॅम त्याच्या कितीतरी आधीचा, त्याला त्याचा पत्ताच नव्हता. राहिला तो सगळ्यात जुना आणि खात्रीचा मार्ग. प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून शेवटपर्यंत एक सलग वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढायचा, गाणं मधूनच सुरू होत असलं तरी. म्हणजे नव्या ठिकाणी सगळ्या फाइली एकाच रेषेला लावल्या की गळा, पेटी आणि तबला आपोआप एकमेकांशी जुळतात.

बडोद्याच्या माणसाला ही अडचण खरं तर नवी नसावी. सयाजीरावांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली ती मौलाबक्षांच्या हाती देऊन, आणि गाणं कागदावर उतरवण्याची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. 1916 साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. बाबांच्या वहीत दोन काळ आहेत. पहिल्या गुरुजींकडची पानं पलुस्कर पद्धतीत आहेत, नंतरची भातखंडे पद्धतीत. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की तो तार सप्तकातला. पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब मंद्र सप्तकाचं. मी नववीत असताना वहीतली एक जुनी बंदिश पेटीवर वाजवायला घेतली आणि खालचा निषाद थेट वर नेऊन ठेवला. बाबा हसून हसून खोकायला लागले. "अगं, टिंब तेच आहे, वाचणारा बदलला," ते म्हणाले होते.

पहिल्या बंदिशी हलवल्या तेव्हा तसंच झालं. जुनं रेकॉर्डिंग सेकंदाला 44,100 नमुन्यांचं होतं. नव्या प्रोग्रॅममध्ये मी 48,000 चं प्रोजेक्ट उघडलं होतं. फाइल आत घेताना त्याने विचारलं, बदलून घेऊ का? मी घाईत 'नको' दाबलं. मग त्याने तेच नमुने आपल्या वेगाने वाजवले. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "हा कोण गातोय?"

"बाबा, तुम्हीच."

"मी काळी एकला गातो." ते उठले, पेटी उघडली, काळी एक दाबली, मग पांढरी दोन, मग काळी दोन. मान हलवली. "या दोघींच्या मध्येच कुठेतरी आहे हा माणूस. आणि घाईत आहे."

मी नंतर हिशेब केला. 44,100 चं गाणं 48,000 ने वाजवलं तर ते जवळजवळ दीड अर्धस्वर चढतं आणि तेवढंच धावतं. म्हणजे काळी एकचा गवय्या बरोबर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये जाऊन बसतो. गेली चार वर्षं बाबांचा आवाज कापतो, ते गात नाहीत. कान मात्र जागेवर आहेत.

ती चूक दुरुस्त केली आणि मग रोज रात्री एक बंदिश असा क्रम लावला. जुन्या प्रोग्रॅममधले माझे इफेक्ट नव्या मशीनवर चालणार नव्हते, म्हणून ते ट्रॅकमध्ये मुरवूनच बाहेर काढायचं ठरवलं. म्हणजे निदान ऐकायला तरी सगळं पूर्वीसारखं लागेल. जुन्या डिस्कवर जागा उरली नव्हती. त्या आवाजाला एका ट्रॅकसाठी मिनिटाला साधारण 8 एमबी लागतात आणि एकेका बंदिशीची सात-आठ टेक होती. म्हणून एक बंदिश बाहेर काढली, ऐकून तपासली की तिचा मूळ फोल्डर मी पुसून टाकत असे. नऊ बंदिशी अशा झाल्या. मला फार व्यवस्थित वाटत होतं.

दहाव्या रात्री प्रोग्रॅम उघडला नाही. आपला परवाना खरा आहे का, हे तो अधूनमधून ज्या ठिकाणी विचारायचा, तिथे उत्तर द्यायला आता कोणी उरलं नव्हतं. पाच बंदिशी राहिल्या होत्या. त्यांच्या प्रोजेक्ट फाइली होत्या, पण त्या वाचणारा नव्हता. हातात होत्या त्या फक्त मूळ आवाजाच्या फाइली, 'ऑडिओ 31', 'ऑडिओ 32' अशा नावांच्या. कापलेलं, झाकलेलं, स्वच्छ केलेलं काहीच नाही. टाचण्या सगळ्या निघाल्या होत्या.

भूपच्या बंदिशीपासून सुरुवात केली. मला आठवत होतं की ती बाबांच्या आवाजाने सुरू होते, एकदम स्वच्छ. फाइल लावली तर आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बाबांचं घसा साफ करणं, रस्त्यावरचा हॉर्न. मग खट् असा बारीक आवाज. थोड्या वेळाने पुन्हा खट्. आणि त्यानंतर माझा आवाज, मोठा, वैतागलेला: "आई, भांडी नंतर! रेकॉर्डिंग चालू आहे."

लांबून, स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बरं गं, बरं."

मग शांतता. मग पुन्हा खट्, या वेळी अगदी हळू. पुन्हा खट्. आणि तिसऱ्या खट्‌ची मी वाट बघत होते तिथे तो आला नाही, त्या जागी बाबांनी तोंड टाकलं.

हा आवाज मला ओळखीचा होता. तो सगळ्याच रेकॉर्डिंगमध्ये होता, म्हणून तर मी बाबांच्या ट्रॅकवर गेट लावलं होतं. गेट म्हणजे दारावरचा पहारेकरी. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो दार उघडतो, खाली आला की लावून घेतो. बाबा गातात तेव्हा उघडं, दोन ओळींमध्ये बंद. त्या मधल्या जागांतली खटखट मी अशी घालवली होती, आणि ती किती सफाईने घालवली याचा मला अभिमान होता. गाण्याआधीचा भाग तर सरळ दुमडूनच टाकला होता.

आता गेट नव्हतं. मी स्क्रीनवर आवाजाचा आलेख मोठा करून बघितला. बाबांच्या ओळींच्या मधल्या सपाट जागांत बारीक उभ्या रेघा होत्या. मी त्यांच्यातली अंतरं मोजली. पहिल्या रेघेनंतर सुमारे अडीच सेकंदांनी दुसरी. पाचव्या सेकंदाला काही नाही. साडेसात सेकंदांनी तिसरी. आणि दहाव्या सेकंदाला पुन्हा पहिली. भांडी अशी वाजत नाहीत. सोळा मात्रांचं आवर्तन, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली. तीनताल होता तो. आणि बाबांची ती बंदिश खालीपासून उठते. म्हणजे आई ओट्यावर सम देत होती, दुसरी टाळी देत होती, आणि खाली आली की हात उचलून बाबांना वाट करून देत होती.

आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता. आईच्या मधल्या बोटात एक घट्ट झालेली अंगठी होती, शेवटपर्यंत निघाली नाही ती. आई गाणं शिकली नव्हती. तिला तीनतालाच्या मात्रा विचारल्या असत्या तर तिने "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून विषय बदलला असता. पण बाबा लय धरून राहत नाहीत, पुढे पुढे धावतात, हे आमच्या ओळखीतल्या प्रत्येक तबलजीला माहीत होतं. तो शेजारचा मुलगा मला म्हणालासुद्धा होता, "काका या रेकॉर्डिंगमध्ये किती शांत गायलेत!" मी त्याचं श्रेय वयाला दिलं होतं.

मी बाबांना बोलावलं. काही न सांगता सुरुवातीचं एक मिनिट ऐकवलं. माझा तो आवाज येईल तेव्हा कुठे बघावं हे मला कळत नव्हतं, मी स्क्रीनकडे बघत राहिले. "बरं गं, बरं" आलं. बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग खट्, खट्, आणि नवव्या मात्रेला बाबांनी आपला उजवा हात उघडा करून उलटा केला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय? मी तिच्याकडे बघूनच गात होतो. समोर स्वयंपाकघराचं दार होतं." मग जरा थांबून म्हणाले, "तू दाराकडे पाठ करून बसायचीस. मशीनकडे तोंड."

"मला सांगितलं का नाही?"

"तिने नको म्हटलं. म्हणाली, पोर एवढी मन लावून करतेय, करू दे."

त्या रात्री मी उरलेल्या चार बंदिशीही लावल्या. चारही ठिकाणी ती आहे. एके ठिकाणी कुकरची शिट्टी होते आणि पुढच्या समेचा ठोका चुकतो, बहुधा गॅस बारीक करायला गेली असावी. त्या आवर्तनात बाबा किंचित पुढे सरकतात, आणि ती परत आली की जागेवर येतात. नऊ बंदिशींमध्ये मात्र ती नाही. तिथे मी गेट आवाजातच मुरवलं होतं, आणि मूळ फाइली माझ्याच हाताने पुसल्या होत्या. पुसलेल्या फाइली परत मिळवून देणारी माणसं असतात. मी डिस्क त्यांच्याकडे नेली. पुसलेल्या जागेवर पुढच्या एक्स्पोर्टच्या फाइली बसल्या होत्या. ओळींच्या मध्ये आता पूर्ण शून्य आहे. आवाज कितीही वाढवला तरी.

आता कोणी मला असं सामान हलवायचं कसं विचारलं तर मी सांगते: दोनदा बाहेर काढा. एकदा इफेक्टसकट, एकदा कोरं. मूळ फाइली नवं ठिकाण रुळेपर्यंत हलवू नका, पुसू तर मुळीच नका. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा, कुठल्याही प्रोग्रॅमशिवाय वाचता येईल अशी. तिच्यात सगळं लिहा.

मी तशा फाइली केल्या. राग भूप. तीनताल, मध्य लय. पट्टी काळी एक. नमुने 44,100, बदलून घ्यावेत. गायन आणि पेटी: बाबा. तबला: शेजारच्या मुलाचं नाव. त्याखाली मी लिहिलं: ताल, आई, ओट्यावरून. पाच फोल्डरमध्ये पाच फाइली झाल्या. बाबा चष्मा लावून स्क्रीनवर वाचत होते.

"बाकीच्या नऊवर?" त्यांनी विचारलं.

"त्यांत ती ऐकू येत नाही, बाबा."

"मला येते. लिही."

मी लिहिलं.