कौलारू घरातली जुनी चूल

कोल्हापूरकडून मलकापूरमार्गे अणुस्कुरा घाट उतरून तुम्ही राजापूर तालुक्यात आलात, की पाचलपासून ओणीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या दिसू लागतात. चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या भिंती आणि वर उतरती कौले. यातली पुष्कळ घरे कुलूपबंद असतात. माणसे मुंबईला, घर उघडायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. अलीकडे अशी घरे विकलीही जातात. माझ्या मामेबहिणीच्या सासरच्यांनी असेच एक घर विकत घेतले. तिच्याकडे चार दिवस राहणे झाले, आणि त्या चार दिवसांत घरात विषय एकच होता. सैपाकघरातली जुनी चूल काढायची की ठेवायची?

वाचकहो, घाटावरच्या आपल्या घरांतही चुली आहेत, पण या मुलखातल्या चुलीला जास्तीचे काम असते. इथे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. चार महिने भिंतींना ओल असते, कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते. अशा दिवसांत घरात कोरडी जागा एकच, चुलीच्या वरची. तिथे आढ्याला बांबूची ताटी टांगलेली असते. त्या घरातही ती होती, धुराने डांबरासारखी काळी झालेली. दोडका, पडवळ, भोपळ्याचे बियाणे तिथे जपायचे, आमसुले तिथे, सुकी मासळी तिथे, आणि उद्याचे ओलसर जळणही तिथेच शेकायचे. खाली मातीची थोरली चूल, शेजारी वैल. भाकरी चुलीवर, आमटी वैलावर. बेत किती शहाणपणाचा होता ते पाहा. एका जाळात दोन भांडी, आणि वर बियाण्याची राखण.

पण धूर जायला वाट नव्हती. कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जायचा, बाकीचा घरातच. बहिणीच्या सासूबाईंना खोकल्याची जुनी व्यथा. पहिल्याच आठवड्यात त्या ओटीवर येऊन बसू लागल्या. तेव्हा चूल काढायचे ठरले. हे ऐकून शेजारच्या आजी आल्या. त्यांचे म्हणणे असे, की धूर बंद झाला तर पाच पावसाळ्यांत वासे पोखरून जातील आणि छप्पर अंगावर येईल.

आजींचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. रोजच्या धुराने आणि उबेने छपराचे लाकूड कोरडे राहते, आणि कोरड्या, धुरकटलेल्या बांबूला भुंगा सहसा लागत नाही. वाळवीची गोष्ट मात्र वेगळी. ती जमिनीतून भिंतीच्या कडेने मातीची नळी करीत वर चढते. वरच्या धुराने तिला कसा अटकाव होणार? ती धूर असलेल्या घरातही येते.

आणि धुराचा हिशेब फक्त छपरापुरता करून भागत नाही. चुलीच्या धुराने दम्यासारखा कायमचा श्वासाचा विकार जडतो, आणि त्या धुरात वाढणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका अधिक असतो. चुलीपुढे तीन-तीन तास कोण बसते, हे तुम्हाला सांगायला नको. माझे मत स्पष्ट आहे. वासा बदलता येतो, छाती बदलता येत नाही.

बिनधुराची चूल आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीवरून नाव पडलेली मगन चूल स्वातंत्र्याच्या सुमाराची. पुढे १९८५ पासून २००२ पर्यंत सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालला आणि गावोगावी धुराड्याच्या चुली बसल्या. त्यांतल्या कितीतरी लवकरच बंद पडल्या. धुराडे साफ करायचे असते, हेच बऱ्याच घरांत कोणी नीट सांगितले नव्हते. काजळीने नळी भरली की धूर उलटा घरात येतो, आणि मग बाईमाणूस ती चूल फोडून पुन्हा जुनी मांडते. तिचे तरी काय चुकले?

गोबर गॅसचाही विचार झाला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. यांच्याकडे एक म्हैस आणि एक गाय, त्यामुळे तो बेत तिथेच राहिला.

शेवटी केले ते असे. सैपाकघरात ओटा बांधून त्यावर गॅसची शेगडी आली. तुम्ही शेगडी बसवाल तेव्हा जुन्या चुलीच्या जागी जमिनीवर ठेवू नका. शेगडी उभ्या सिलिंडरपेक्षा उंच हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून भिंतीला खालच्या बाजूस झरोका ठेवा. त्याच खोलीत चूल तर मुळीच पेटवू नका.

जुनी चूल फोडली, पण तिची भाजलेली माती टाकली नाही. ती भिजवून, नवी माती मिसळून मागच्या पडवीत दुसरी चूल घातली. तिला खाली लोखंडी जाळी आणि मागे धुराडे. धुराड्याचे तोंड जवळच्या छपराच्या वर गेलेच पाहिजे, नाहीतर वारा धूर खाली दाबतो. नळी कौलांतून जाते तिथे पत्रा लावून घ्या, त्यावाचून पाऊस आत येणार. आंघोळीचे पाणी, भाताचा मोठा टोप आणि सासूबाईंना आवडणारी तांदळाची भाकरी आता याच चुलीवर होते. ताटीही पडवीत आली. नळीच्या उबेने आमसुले राहतात. कडधान्याचे बियाणे मात्र राख मिसळून डब्यात भरले.

छपरासाठी गवंड्याने सांगितलेला उपाय कोकणातलाच आहे. नव्या वाशांना आणि रिपांना काजूच्या टरफलांचे तेल लावायचे. होड्यांनाही ते लावतात. हाताला लागले तर कातडी भाजल्यासारखी सोलते, तेव्हा फडके काठीला बांधूनच लावा. जुन्या वाशांवरची काजळी मात्र खरवडू नका.

आणि मे महिन्यात कौले चाळायला माणूस वर चढेल, तेव्हा त्याच्याकडून त्याच दिवशी धुराडेही साफ करून घ्या. कोयत्याच्या मुठीने प्रत्येक वासा ठोकून पाहायला सांगा. पोकळ आवाज आला, तर तो वासा आगोटीच्या आत बदलायचा.