सहायकाला काय वाचायला द्यावं?

एआयमुळे प्रोग्रामरांच्या नोकऱ्यांचं काय होणार, यावर लिहा असं संपादकांनी सुचवलं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत; मला आमच्या टिपणांबद्दल, म्हणजे डॉक्युमेंटेशनबद्दल, लिहायचं आहे. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये कोणालाही विचारा, डॉक्युमेंटेशन हे काम नेहमी शेवटी उरतं आणि नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या गळ्यात पडतं. आज प्रकल्पाचा निम्मा जीव त्या टिपणांत आहे, हे मात्र अजून कोणाला पटत नाही.

यंदाचंच एक प्रकरण मनातून जात नाही. एका नागरी सहकारी बँकेच्या प्रणालीत बचत खात्यावरच्या व्याजाचा भाग नव्याने लिहायचा होता. पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असे, तिच्यावर व्याज मिळायचं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिल्लकेवर मोजलं जाऊ लागलं. प्रकल्पात दोन्ही नियमांची टिपणं होती. जुन्यावर ‘रद्द’ असा शेरा कोणी मारलेला नव्हता. एआय कोडिंग सहायकाने नेमकं जुनं टिपण उचललं आणि नीटनेटका कोड लिहून दिला. चाचण्याही पास झाल्या, कारण त्याही त्याच टिपणावरून लिहिलेल्या. एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या नजरेस पडलं म्हणून निभावलं. त्यांना २०१० आठवत होतं. सहायकापुढे जे ठेवाल ते त्याच्या लेखी सारखंच खरं.

असा सहायक प्रत्येक सत्राला कोऱ्या पाटीने बसतो. क्लॉड कोड हा सहायक ‘क्लॉड डॉट एमडी’ नावाची फाइल आधी वाचतो, इतर बरेच ‘एजंट्स डॉट एमडी’ वाचतात. प्रकल्प वाढला की ही फाइल फुगते. इथे आमच्या क्षेत्रात एक वाद आहे आणि त्यात माझी बाजू ठाम आहे. काही जण म्हणतात, आता मॉडेलला एका वेळी लाखो टोकन (शब्दांचे तुकडे) वाचता येतात, सगळं एकाच फाइलीत घाला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इतरांसह दाखवलं होतं की लांब मजकुरातलं सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलला चांगलं सापडतं, मधलं निसटतं. त्यानंतर मॉडेलं सुधारली, हे खरं. पण वाचायची क्षमता वाढली म्हणून परस्परविरोधी टिपणांचा झगडा आपोआप मिटत नाही.

म्हणून मुख्य फाइल एक-दोन पानांचीच असावी: प्रकल्प कसा चालवायचा, चाचण्या कशा घ्यायच्या, कशाला हात लावायचा नाही आणि कोणतं टिपण कुठे आहे. प्रत्येक मॉड्यूलची माहिती त्याच्याच फोल्डरमध्ये. तिथलं काम निघालं की मगच ती वाचली जाते. निर्णयांची टिपणं वेगळी. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेली पद्धत मला अजूनही सर्वांत चोख वाटते: काय ठरलं, कोणत्या परिस्थितीत ठरलं, त्याचे परिणाम काय. निर्णय बदलला तर जुनं टिपण पुसायचं नाही. त्यावर शेरा मारून नव्याकडे बोट दाखवायचं. कोड बदलला आणि टिपण बदललं नाही, तर तो बदल मी पुढे जाऊ देत नाही. यावरून माझ्याशी भांडणारे आहेत.

व्यवस्थापक विचारतात, टिपणंही सहायकाकडूनच का लिहून घेत नाही? कोड काय करतो हे तो छान लिहितो. तसं का ठरलं हे मात्र कोडमध्ये नसतं; ते ग्राहकाशी झालेल्या फोनवर ठरलेलं असतं. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये लिहिलं होतं की खरा प्रोग्राम म्हणजे तो घडवणाऱ्यांच्या डोक्यातली समज, आणि ती कागदावर पूर्ण उतरत नाही. ते बरोबर असतील तर माझं काम कायम अपुरंच राहणार. ही शंका मला सोडत नाही. तरी व्याजाच्या त्या प्रकरणात एक शेरा पुरेसा होता.

नागपूरची मुलं दोन-तीन वर्षांत पुण्याला, हैदराबादला जातात. त्यांना माझी विनंती आहे: नोटीस पीरियडचा शेवटचा आठवडा टिपणांसाठी मागून घ्या, आणि तुमच्या मॉड्यूलमधल्या प्रत्येक जुन्या टिपणावर तारीख, कारण आणि ‘लागू’ की ‘रद्द’ हे लिहूनच जा.