वाचत राहा

मुंबई राज्यात आमच्या पिढीला इंग्रजी आठवीपासून शिकवीत. त्यामुळे १९५५ साली मी कोटातल्या एका कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्ये मुखोद्गत असूनही, बोलता बोलता थांबलेल्या माणसाला ‘पुढे बोला’ एवढे सांगण्याचे इंग्रजी माझ्यापाशी नव्हते. साहेब मजकूर सांगत होते आणि मी तो उतरून घेत होतो. टाक दौतीत बुडवण्यासाठी मी वळलो, तसे ते थांबले. मी अत्यंत आदराने म्हणालो, “सर, प्लीज रिमेन स्पीकिंग.” क्षणभर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी माझी रवानगी आवक-जावकच्या बारनिशीवर झाली. तो सल मनात फार दिवस राहिला.

आमचे बिऱ्हाड फणसवाडीत. तिथून संध्याकाळी मी खोताच्या वाडीत एका निवृत्त शिक्षिकेकडे शिकायला जाऊ लागलो. पाठारे प्रभू खोतांचे नाव आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती, बाहेरून चढणारे लाकडी जिने, कौलारू छपरे, आणि बसल्या जागेवरून वाटसरूशी बोलता यावे इतके गल्लीलगत व्हरांडे, अशी ती वाडी. त्या बाईंना सारे टीचर म्हणत. घरात त्या मराठी बोलत आणि वाचीत मात्र इंग्रजी.

माझी हकीकत ऐकून त्या हसल्या नाहीत.

“बक्षीससमारंभाला पाहुणे निघाले, की आम्ही मुलांना ‘रिमेन सीटेड’ सांगायचो. याचं मराठी सांग.”

“बसून राहा.”

“आणि साहेबांना काय सांगायचं होतं?”

“बोलत राहा.”

“बसून, बोलत. दोन्हींचा शेवट ऐक.”

जन्मापासून जिभेवर असलेला तो भेद मला त्या संध्याकाळी प्रथम ऐकू आला. ‘बसून राहा’, ‘पडून राहा’ यांत माणूस आहे त्या स्थितीत राहतो, आणि तिथे ‘रिमेन’ शोभते. ‘वाचत राहा’, ‘चालत राहा’ यांत क्रिया वाहती असते, आणि तिथे इंग्रज ‘कीप’ घालून ‘कीप रीडिंग’, ‘कीप वॉकिंग’ म्हणतो.

“पण साहेब तर थांबले होते,” टीचर म्हणाल्या, “मग मराठीत तरी ‘बोलत राहा’ कसं म्हणशील? ‘हं, पुढे?’ म्हणशील. तेच ‘गो ऑन’. मोठ्या माणसाला ‘प्लीज गो ऑन’.”

चूक माझ्या इंग्रजीत शिरण्यापूर्वी मराठीतच झाली होती, हे मला तेव्हा कळले. पुढे कित्येक संध्याकाळ आम्ही त्या एकाच विषयात रमलो. ‘पुढे वाच’ म्हणजे ‘रीड ऑन’, त्यातला ‘ऑन’ हाच आपला ‘पुढे’; चार माणसे बोलत असताना आत आलेला मनुष्य ‘बसा, बसा, चालू द्या’ म्हणतो, ते ‘कॅरी ऑन’; ‘गो अहेड’ ही आरंभाची परवानगी, खोळंबलेल्याला दिलेली; आणि ‘कंटिन्यू’ शुद्ध खरे, परंतु नुसते उच्चारले तर हुकुमासारखे लागणारे, म्हणून वरिष्ठांपुढे जपून वापरावे. ‘कीप ऑन’मध्ये चिकाटी असते, पण प्रसंगी कंटाळाही असतो: सांगूनही ऐकत नाही, करीतच राहतो, असा. माझ्या पाठ्यपुस्तकांनी या सगळ्यांना ‘चालू ठेवणे’ या एकाच खुंटीवर टांगले होते, याचे मला आजही वाईट वाटते. कारण हे भेद कळायला मोठे व्याकरण लागत नाही, बोलणारा थांबला आहे की नाही एवढेच पाहावे लागते.

काही वर्षांनी टीचरांची दृष्टी गेली, आणि रविवारी त्याच व्हरांड्यात मी त्यांना वाचून दाखवू लागलो. एकदा गल्लीतून म्हावरेवाली ओरडत गेली, म्हणून मी ओळीवर बोट ठेवून थांबलो. आरामखुर्चीत त्यांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल, असे समजून मी अलगद पान दुमडू लागलो.

“गो ऑन,” त्या म्हणाल्या.

मी बोट ठेवलेली ओळ शोधली आणि पुढे वाचू लागलो.