विजापूरचा रस्ता

सोलापूरच्या मुसलमान घरांत विजापूर हे परगाव समजलं जात नाही. अंतर शंभर किलोमीटर, मध्ये भीमा नदी आणि नदीपलीकडे कर्नाटक, एवढाच काय तो फरक. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी सुना विजापूरच्या आहेत आणि इथल्या कितीतरी मुली तिकडे दिलेल्या आहेत. दोन्हीकडे ज्वारीची भाकरी, दोन्हीकडे घरात दखनी. नदीच्या अलीकडे बाजारात मराठी बोलायचं, पलीकडे कन्नड, आणि घरात पाऊल टाकलं की दोन्हीकडे 'नक्को' म्हणायचं. हा 'नक्को' मराठीच्या 'नको'तून दखनीत आलेला. 'मैंच', 'वहीच' यांतला 'च'सुद्धा मराठीचाच. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलांच्या वहीत 'नक्को' आला की त्याखाली मी 'मत' लिहिते, कारण परीक्षेत तेच लागतं. शाळा सुटल्यावर मात्र मुलं 'नक्को'च म्हणतात, आणि मीही.

२०१४ साली त्या शहराचं अधिकृत नाव विजयपुरा झालं. आमच्या बोलण्यात ते अजून बिजापूर आहे आणि मराठी पुस्तकांत विजापूर. आमच्या घरात २००३ नंतर यांतलं कोणतंच नाव घेतलं जात नव्हतं. अम्मी फक्त 'उधर' म्हणायची.

२००३ च्या मे महिन्यात मी तेरा वर्षांची होते. खालाच्या थोरल्या मुलाची शादी होती. अब्बांनी भाड्याची जीप ठरवली. घरचे आणि नात्यातले मिळून आम्ही नऊ जण होतो. उन्हाचा त्रास नको म्हणून संध्याकाळी निघालो. अब्बा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर मिठाईचे पुडे घेऊन बसले होते. होर्ती मागे पडलं तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. रस्त्यावर एक ट्रक बंद पडून उभा होता. त्याचा मागचा दिवा लागलेला नव्हता. मागे ना दगड मांडलेले, ना झाडाची फांदी ठेवलेली. आमची जीप सरळ त्याच्यावर गेली.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डिझेलचा वास. शादीच्या कपड्यांचं बोचकं सुटून रस्त्यावर पसरलेलं. माझा उजवा पाय, माझा नसल्यासारखा. आणि डोक्याशी बसलेल्या कुणा माणसाचा आवाज, "नक्को डरो बेटी, नक्को डरो." त्याचा चेहरा मला दिसला नाही. मग आम्हाला एका टेम्पोत घातलं. त्या टेम्पोला लिंबांचा इतका दाट वास होता की दवाखान्यातला औषधांचा वास मला आठवत नाही, लिंबांचाच आठवतो. तो सगळा इंडी तालुका लिंबांचा. तिथून लिंबाची पोती भरून टेम्पो जातातच.

अब्बा वाटेतच गेले. बाकीचे वाचले. माझ्या मांडीच्या हाडात सळी बसवली. आजही जिना चढताना मी डावा पाय आधी टाकते.

अब्बांना सोलापुरात दफन केलं. खालाच्या मुलाची शादी पुढे ढकलली गेली. महिन्याभराने चार माणसांत निकाह झाला, वलीमा झालाच नाही. जियारतला खाला आली होती. अम्मी तिच्याशी बोलली नाही. भांडणही झालं नाही. भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. आपल्या घरच्या शादीला येताना बहिणीचा नवरा गेला, हे खालाच्या मनात राहिलं. तिच्याकडे निघालोच नसतो तर, हे अम्मीच्या मनात राहिलं. दोघींनी ते एकमेकींना सांगितलं नाही. पहिली ईद तशीच गेली, मग दुसरी. अम्मीने शिवणकाम करून मला आणि भाईला वाढवलं. आमच्या शाळा, माझं बी. एड., भाईची शादी, सगळं झालं. खालाच्या घरचं कुणी त्यात नव्हतं.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असा सरकारी आकडा आहे. हा आकडा वाचला की मला वाटतं, यात फक्त गेलेले मोजले आहेत. एक माणूस गेला की त्याच्यामागून किती नाती जातात, कुणाचं माहेर तुटतं, कोणत्या गावाची वाट बंद होते, याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नसतो.

मी सातवीला इतिहास शिकवते. सातवीच्या इतिहासात आदिलशाही येतेच. मुलांना मी सांगते की दुसरा इब्राहिम आदिलशहा हा गाण्याचा शौकीन होता आणि त्याने 'किताब-ए-नौरस' दखनीत लिहिली. म्हणजे तुम्ही घरी बोलता ती भाषा एके काळी दरबारात होती. मुलं खूश होतात. एकदा एका मुलीने विचारलं, "टीचर, आप गोल गुंबज देखे?" सोलापूरच्या शाळांची सहल बहुतेक वेळा विजापूरलाच जाते, त्यामुळे तिचा प्रश्न साधा होता. मी म्हटलं, नाही. वर्ग हसला. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

२०२३ च्या डिसेंबरात सहलीच्या यादीत माझं नाव आलं. सेहेचाळीस मुलं, चार शिक्षक. मुलींबरोबर शिक्षिका हवी होती आणि दुसरी मोकळी नव्हती. घरी सांगितलं तेव्हा अम्मीने "उधर?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. सकाळी डबा भरताना तिने चार रोट्या जास्तीच्या घातल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

टाकळीजवळ भीमा ओलांडली. धुळखेड, झळकी, होर्ती. पाट्या एकेक करून मागे जात होत्या आणि मी खिडकीच्या काचेला डोकं टेकवून बसले होते. मुलांच्या गाण्यांच्या भेंड्या चालू होत्या. होर्तीनंतर मी प्रत्येक वळण, प्रत्येक झाड पाहत होते. पण रस्ता आता चौपदरी आहे, मध्ये दुभाजक आहे, जुनी झाडं उरलेली नाहीत. वीस वर्षं ज्या जागेची मला धास्ती होती ती जागा रुंदीकरणात गेली होती. ती कुठे होती हे मला ओळखता आलं नाही. बस न थांबता पुढे गेली आणि थोड्या वेळात मुलं ओरडली, "गुंबज!"

मोहम्मद आदिलशहा १६५६ साली वारला. त्याची ही कबर. घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट, आणि खाली आधाराला एकही खांब नाही. चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत आणि त्यांच्या आतल्या अरुंद जिन्याने वर घुमटाच्या सज्जात जायचं. हे सगळं मी वर्गात फळ्यावर आकृती काढून कितीदा सांगितलं होतं. जिन्याच्या पायऱ्या मात्र फळ्यावर चढाव्या लागत नाहीत. डावा पाय, मग उजवा, असं करत मी सगळ्यांत मागे होते. माझ्यापुढे एक लहानखुरी मुलगी अंधाराला घाबरून मध्येच उभी राहिली. तिच्या मैत्रिणीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "नक्को डर गे, मैं हूं ना."

मी भिंतीला हात लावून थोडा वेळ उभी राहिले. खालून येणाऱ्यांना वाटलं, टीचरचा पाय दुखतो आहे. वर सज्जात मुलं एकमेकांची नावं घेत होती आणि घुमट ती नावं पुन्हा पुन्हा परत देत होता. इतक्या गलक्यात मला पहिल्यांदाच असं वाटलं की हे शहर अब्बांच्या अपघातासाठी बसवलेलं नाही. त्याला स्वतःची साडेतीनशे-चारशे वर्षांची कामं आहेत.

दुपारी मुलं जेवायला बसली तेव्हा मुख्याध्यापकांना सांगून मी रिक्षा केली. खालाचं घर जामा मशिदीच्या मागे आहे, हे मला अजून आठवत होतं. दार तिच्या नातीने उघडलं. खालू काही वर्षांपूर्वी गेले, तेही आम्हाला उडत उडत कळलं होतं. खालाने मला ओळखायला वेळ घेतला, आणि ओळखल्यावर पहिला प्रश्न केला, "पांव कैसा है?" मी डबा तिच्यापुढे ठेवला. अम्मीच्या हातची रोटी तिने मोडली, पण बराच वेळ तोंडात घातली नाही.

मग तिने जे सांगितलं ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री टेम्पोवाल्याने आम्हाला जागा करण्यासाठी लिंबांची पोती रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवली होती. माल तिथेच सोडून तो आम्हाला घेऊन दवाखान्यात आला. दुसऱ्या दिवशी खालू त्या जागी गेले. पोती तशीच होती. जवळच्या वस्तीवरचे दोन माणसं रात्रभर त्यांच्यापाशी बसली होती. टेम्पोवाला सकाळी आला आणि माल भरू लागला. खालूंनी पैसे पुढे केले, त्याने घेतले नाहीत. नाव विचारलं, तर म्हणाला, नाव नको, केसमध्ये येईल, मग कोर्टाच्या तारखा कोण करणार?

"खाला, हे तुम्ही कधी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुम लोगां आएच नै," ती म्हणाली. "किसकू बोलती मैं?"

त्या माणसाची भीती खोटी नव्हती. जखमीला उचलणाऱ्याला ठाण्यात बसवून ठेवायचं, दवाखान्यात त्याच्याकडेच पैसे मागायचे, वर्षानुवर्षं साक्षीला बोलवायचं, असे अनुभव लोकांनी घेतलेले होते. तरीही त्याने माल उतरवला. तेव्हा १०८ ची गाडीही नव्हती. कर्नाटकात ती २००८ साली सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ साली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. आता अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर आहे. सहलीनंतरच्या आठवड्यात मी हे सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं. इतिहासाच्या तासाला हे कशाला, असं एका मुलाने विचारलं. मी म्हटलं, लिहून घे. त्याने लिहून घेतलं आणि पुन्हा हात वर केला, "टीचर, लेकिन पुलिसवाले कू ये मालूम है क्या?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला कलमाचा आकडा पाठ करायला सांगितलं. सांगताना आकडा तोंडावर असला की माणसाचा आवाज बदलतो, हे मी शिक्षिका म्हणून पाहिलं आहे.

सहलीच्या रात्री घरी पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते. अम्मी जागी होती. डबा रिकामा आहे हे तिने झाकण उघडून पाहिलं, पण काही विचारलं नाही. मीच टेम्पोवाल्याचं सांगितलं. ती मशीनच्या स्टुलावर बसून ऐकत होती. इतकी वर्षं तिने गाडी ठरवणाऱ्याला, दिवा न लावणाऱ्याला, शादीच्या तारखेला, साऱ्यांना मनात उभं केलं असेल. या माणसाला उभं करायला तिच्याकडे जागाच नव्हती, कारण तो कुणी सांगितलाच नव्हता. खूप वेळाने ती म्हणाली, "कित्ते पोते थे?"

मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

"रात भर रस्ते पे माल छोड़ा बिचारा," ती म्हणाली. "कुच तो नुकसान हुआ होगा. पूछ ना उसकू."

'उसकू' म्हणजे कुणाला, हे तिने सांगितलं नाही. खालाचा नंबर मी दुपारीच घेतला होता. इतक्या उशिरा फोन करू नये हे मला कळत होतं, तरी लावला. खालाने लगेच उचलला. मी काही बोलायच्या आत अम्मीने फोन माझ्या हातातून घेतला आणि सलाम न करताच विचारलं, "आपा, कित्ते पोते थे वो?"

खाला म्हणाली, चौदा. मग दोघी त्या चौदा पोत्यांवर कितीतरी वेळ बोलत बसल्या.