स्क्रू कसण्याआधी

संपादकांची मागणी साधी होती: जुन्या जीपगाड्यांवर काहीतरी रंजक लिहा, फार तांत्रिक नको. प्रस्तुत लेखकाने होकार दिला खरा, पण नेमकी तेव्हाच गॅरेजात वाईकडची एक सीजे-३बी येऊन उभी होती आणि तिच्या स्टेअरिंगशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. तेव्हा रंजकतेची हमी नाही.

गाडी देखणी. सरकारी लिलावातून घेतलेली, पत्रा नव्याने ठोकलेला, रंग लष्करी हिरवा, बॉनेटवर हौसेने काढलेला पांढरा तारा. (तो तारा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याचा. सीजे-३बी विलीजने बाजारात आणली १९५३ मध्ये, युद्ध संपून आठ वर्षं झाल्यावर. उंच बॉनेट पाहिलं तरी कळतं, आत उंच हरिकेन इंजिन बसवायचं होतं म्हणून ते वाढवलं. पण हे मालकांना सांगायचं नसतं.) तक्रार एकच: पसरणी घाटात गाडी झकास चालते, हायवेला लागली की डुलायला लागते. स्टेअरिंग इकडे वळवा, तिकडे वळवा, गाडी आपल्याच मनाने जाते.

घाटात झकास आणि सरळ रस्त्यावर बेभान, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. नवल काहीच नाही. वळणावर चाकांवर एका बाजूचा दाब असतो, त्यामुळे जोडांमधला सगळा ढिलेपणा एकीकडे ढकलला जातो आणि तिथेच दबून राहतो. सरळ रस्त्यावर कुठलीच बाजू दाबलेली नसते. तेव्हा पुढची चाकं त्या ढिलाईत तरंगत राहतात, रस्त्याचा उतार नेईल तिकडे झुकतात, ड्रायव्हर भरपाई करायला जातो, ती उशिरा पोचते आणि जास्तच होते.

जुन्या जीपच्या मूळ रचनेत स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. स्टेअरिंगच्या दांड्याच्या तळाशी रॉसचा बॉक्स, त्यातून बाहेर आलेला ड्रॉप आर्म, त्याला ड्रॅग लिंक, ती पुढे बेलक्रँकला, बेलक्रँकपासून दोन्ही बाजूंना दोन टायरॉड आणि मग चाक वळवणारा नकल. ड्रॅग लिंकची दोन टोकं, बेलक्रँकची पिन, टायरॉडची चार टोकं, असे सात जोड झाले. वर बॉक्स वेगळा, किंगपिनची बेअरिंगं वेगळी, हबची वेगळी. प्रत्येक ठिकाणी केसभर झीज झाली तरी बेरीज हातात येते. बॉक्समधलं प्रमाण मधल्या टप्प्यात एकास बाराच्या आसपास असतं. म्हणजे ड्रॉप आर्मपाशी एका अंशाचा प्ले असेल तर वर स्टेअरिंग बारा अंश रिकामं फिरणार. सतरा इंची स्टेअरिंगच्या कडेवर मोजा, पावणेदोन इंच भरतात.

आता त्या स्क्रूबद्दल. संपादकांनी हा भाग कापला तरी चालेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू असतो, त्यावर लॉकनट. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात जा आणि स्टेअरिंग ढिलं आहे म्हणा. मेस्त्री पाना आणि पेचकस घेऊन थेट तिथे जातो. नट सैल, स्क्रू अर्धा वेढा आत, नट घट्ट, ‘बघा साहेब, प्ले गेला.’ आणि खरंच गेलेला असतो, उभ्या गाडीत. हा बॉक्स रॉस कंपनीचा. डेव्हिड रॉस यांनी ती १९०६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, लाफायेट गावी काढली. दांड्याच्या टोकाला आटे पाडावेत तशी खाच असलेला कॅम असतो आणि त्या खाचेत लिव्हरच्या दोन निमुळत्या पिना चालतात. खाच सगळीकडे सारखी नसते. गाडी सरळ असताना पिना घट्ट बसाव्यात आणि दोन्ही टोकांकडे जरा मोकळीक मिळावी, अशी ती मुद्दाम कापलेली असते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे झीज होते ती मधोमध. आता मधला प्ले घालवायला स्क्रू कसला, तर पिना मध्ये नीट बसतात आणि वळणावर, जिथे खाच झिजलेलीच नाही, तिथे अडकतात. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक परत यायला हवं, ते येत नाही. ड्रायव्हर ते ओढून आणतो आणि म्हणतो, ‘आता कसं टाईट झालंय.’

स्क्रूला हात लावूच नये असं नाही. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी ड्रॅग लिंक सोडवायची. मग दांड्याचा वरखाली प्ले शिमच्या पातळ पत्र्या काढून किंवा घालून मारायचा. त्यानंतर स्टेअरिंग बरोबर मध्यावर ठेवून स्क्रू, तोही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे अडत नाही ना हे बघत. हे सगळं गिऱ्हाइकाला चहा संपेपर्यंत दाखवता येत नाही, म्हणून कुणी करत नाही. मेस्त्र्यांना तरी किती दोष द्यायचा? अर्ध्या वेढ्याचे पैसे देऊन लोक खूष होऊन जातात आणि दिवसभर जमिनीवर पडून जोड तपासणाऱ्याशी बिलावरून हुज्जत घालतात.

तपासणीला खरं तर दोन माणसं आणि एक जॅक पुरतो. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने वर बसून स्टेअरिंग हळूहळू इकडे-तिकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली पडून एकेका जोडावर तळवा ठेवायचा. हालचाल आत जाते पण पलीकडे पोचत नाही, तो जोड गेला. मग चाक जॅकवर घेऊन वर आणि खाली धरून हलवायचं. हललं तर ब्रेक दाबायला सांगायचा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर हबचं बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन.

त्याऐवजी मालक काय करतात, तर अलाइनमेंट. वाईच्या मालकांनीही लेसरवाल्याचा रंगीत कागद आणला होता, हिरव्या-लाल आकड्यांचा. सलग ॲक्सलच्या या गाडीत कॅम्बर ॲक्सलमध्येच घडवलेला असतो, तो फिरवायला नट नाही. कॅस्टर तीन अंशांचा, तो बदलायचा तर पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचर घालावी लागते. उरतो टो-इन, ३/६४ ते ३/३२ इंच, आणि तो जाड दोरी आणि टेपनेही मोजता येतो. टायरॉडची टोकं सैल असताना काढलेला आकडा तर गाडी यंत्रावरून खाली उतरेपर्यंतच खरा.

या गाडीची बेलक्रँक आधी हाताला लागली. तिच्यातली सुईसारखी बारीक बेअरिंगं कोरडी पडून पिनेत रुतली होती. ग्रीसच्या निपलवर नव्या रंगाचे थर होते, म्हणजे रंगकामानंतर तिथे ग्रीस गन लागलेलीच नव्हती. ती बदलली आणि प्ले निम्म्यावर आला. निम्माच. टायरॉड ठीक, किंगपिन ठीक. शेवटी स्टेअरिंग बॉक्सच्या तळाशी, बॉक्स आणि चासी जिथे मिळतात त्या फटीवर अंगठ्याचं नख ठेवलं आणि वरच्या पोराला हलवायला सांगितलं. नखाखाली सरकलं. ड्रॉप आर्म हलायच्या आधी अख्खा बॉक्सच सरकत होता. बोल्ट घट्ट होते. रंग खरवडल्यावर बोल्टच्या भोकापासून खाली गेलेला तडा दिसला, कडांना तांबडा गंज, म्हणजे जुना. त्यावर पुटी भरून झकास हिरवा रंग मारला होता.

इतक्या जणांनी तो स्क्रू कसला, त्यांचा हात तिथून चार बोटांवर होता. गाडी हायवेवर मुलाबाळांना घेऊन फिरत होती.

तड्याच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकू नये. मग वेल्डिंग आणि आतून पट्टी. कॅम झिजलाच होता, तो बदलला. गाडी आता सरळ चालते. तरी चासीच्या त्या भागावर पूर्ण भरवसा आहे असं प्रस्तुत लेखक लिहून देणार नाही; वेल्डच्या शेजारचं लोखंड कसं वागेल ते बाहेरून दिसत नाही. मालकांना दर काही महिन्यांनी दाखवायला सांगितलं आहे.

त्यांचा परवा फोन आला. गाडीवर खूष आहेत. पुढे रुंद टायर टाकायचे आहेत आणि त्याने स्टेअरिंग जड होईल म्हणून पॉवर स्टेअरिंगही बसवायचं आहे. बसतं ते. पण पॉवरचा जोर त्याच चासीवर येणार आणि रुंद टायर खड्ड्यातला प्रत्येक धक्का जास्त ताकदीने त्याच जोडांवर उलटा पाठवणार, तेव्हा मूळचे ६.००-१६ चे अरुंद टायरच राहू द्या, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दुसरं एक गॅरेज तयार आहे.