बॅचच्या यादीत ही नावंही घे

नेरडीगोंडा, जि. आदिलाबाद
8 नोव्हेंबर 2025

प्रिय दोस्ता,


तुझा फॉर्म मोबाइलवर मिळाला. मुलीने इच्चोड्याला जाऊन त्याचा प्रिंट काढून आणला. पुढच्या वर्षी आपल्या एस. एफ. एस. कॉलेजला सत्तर वर्षं होतात आणि त्या निमित्ताने तू आपल्या बॅचपुरती पुस्तिका काढतो आहेस, हे वाचून बरं वाटलं. हे काम तूच करणार. वर्गात वर्गणी गोळा करायला तू पुढे असायचास आणि नंतर हिशेबही द्यायचास. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ.

पण फॉर्म मी भरला नाही. नाव, बॅच, सध्याचं पद, संस्था, पुरस्कार, परदेशप्रवास, मुलं कुठे स्थायिक. सगळ्यात खाली ‘दिवंगत सहाध्यायी (माहिती असल्यास)’ आणि त्यापुढे एकच ओळ. परदेशप्रवासाला मात्र तीन ओळी! कापसाची वेचणी चालू आहे, दुकानात माणसांची ये-जा आहे, तरी वेळ काढून पत्र लिहितोय, कारण मला जे कळवायचं आहे त्याला तुझ्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

माझं आधी उरकतो. पद: बी-बियाणं आणि खताचं दुकान, शिवाय घरची शेती. पुरस्कार: उधारी वसूल झाली की तोच. बायको किनवटची, मुलगी शिक्षिका, मुलगा हैदराबादला. कॉलेजच्या रजिस्टरात माझा पत्ता अजून ‘आंध्र प्रदेश’ असाच असेल. 2 जून 2014 ला राज्य बदललं, 11 ऑक्टोबर 2016 ला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, दारावरून जाणारा सात नंबरचा हायवे चव्वेचाळीस नंबरचा झाला. घर तिथेच आहे. वडिलांनी तर निजामाचं राज्य, हैदराबाद राज्य आणि आंध्र प्रदेश ही तिन्ही एकाच ओट्यावर बसून पाहिली.

पुस्तिकेच्या सुरुवातीला तू कॉलेजचा इतिहास देणार आहेस ना? तिथे 1956 हे साल नुसतं लिहून सोडू नकोस. 1953 साली नागपूरचा धर्मप्रांत महाधर्मप्रांत झाला, युजीन डिसोझा तिथले पहिले आर्चबिशप, आणि त्यांच्याच काळात 1956 ला आपलं कॉलेज निघालं. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि 1 नोव्हेंबरला नागपूरचं राजधानीपण गेलं. त्याच 1 नोव्हेंबरला आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि आम्ही, तितकेच मराठी बोलणारे, पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. आपला राजुऱ्याचा मित्र यावरून मला किती छळायचा, आठवतं? “आम्ही पास झालो, तुम्ही ए.टी.के.टी.त अडकले बाप्पा!” नागपूरला मी आलो तो याच ए.टी.के.टी.मुळे. शाळा मराठी, पुढचं शिक्षण तेलुगूत झेपणार नाही असं वडिलांचं मत, आणि मामा गिट्टीखदानला. एस.टी. पांढरकवड्याला थांबली की मला नागपूर आल्यासारखंच वाटायचं. तिथून पुढे अजून निम्म्याहून जास्त वाट असायची.

सेमिनरी हिल्सचा तो चढ सायकलवरून चढताना जी धाप लागायची, ती पहिल्या तासाला हजेरी देईपर्यंत उतरायची नाही. वर्गात ख्रिस्ती मुलं किती होती? फार तर एका बाकावर मावतील एवढी. बाकी आपण सगळे कुणबी, तेली, महार, ब्राह्मण, मारवाडी, एखादा सिंधी. कॉलेज ज्याच्या नावाचं, त्या सेंट फ्रान्सिस डी सेल्सबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक की त्याचा सण 24 जानेवारीला येतो. तो कोण, कुठला, कुणी विचारलं नाही आणि फादरांनीही कधी गळ्यात मारलं नाही. त्याची खरी माहिती मला फार पुढे मिळाली, आणि ती दिली आपल्याच वर्गातल्या मुलीने.

चंद्रपूरकडची, दोन वेण्या घालणारी, दुसऱ्या बाकावर बसायची ती. सिस्टर झाली, हे तुला माहीत असेल. पण पुढचं माहीत नसावं. 1999 मध्ये चांदा धर्मप्रांतातून आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा निघाला, त्याचं मुख्य ठाणं मंचेरियलला. त्यानंतर तिची बदली आमच्या जिल्ह्यात झाली आणि एक दिवस ती थेट माझ्या दुकानात उभी राहिली. दवाखान्याच्या आवारात भाजीपाला लावायचा होता म्हणून बी मागायला आली होती. माझी पाटी वाचून आत शिरली. आता तिला तुझा फॉर्म दे. पद नाही, पगार नाही, मुलं नाहीत, पुरस्कार नाही. आयुष्यातले टप्पे म्हणशील तर पहिलं व्रत, अंतिम व्रत, व्रताची पंचवीस वर्षं. बाकी सगळं मलेरिया, बाळंतपणं आणि बदल्या.

तिने सांगितलं ते असं. हा फ्रान्सिस सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात फिरत होता. लोक भीतीने त्याचं प्रवचन ऐकायला यायचे नाहीत. मग तो हाताने कागद लिहायचा आणि लोकांच्या दाराखालून आत सरकवायचा. म्हणून 1923 मध्ये पोपने त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता ठरवलं. पुढे बिशप झाल्यावरही त्याचा सगळा कारभार पत्रांवर चालायचा. एका संसारी बाईला लिहिलेल्या पत्रांतून आणि टिपणांतून 1609 साली त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक तयार झालं. त्यात म्हणे त्याचा मुद्दा असा की भक्ती ही मठातल्यांची मिरास नाही. शिपायाने शिपाई राहून, दुकानदाराने दुकानात बसून, बाईने घर सांभाळून ती करावी. मी म्हटलं, सिस्टर, यात नवीन काय, आमच्या सावता माळ्याने मळ्यात बसून हेच केलं. ती हसून म्हणाली, “म्हणूनच तुला लवकर कळलं.” पुढे 1838 मध्ये त्याच्याच आनेसी गावात त्याच्या नावाचा मिशनरी संघ निघाला. 1846 मध्ये त्या संघाचे लोक विशाखापट्टणमला उतरले, आणि त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख पार नागपूर-कामठीपर्यंत होता. आपलं कॉलेज त्या वाटेवर शंभराहून अधिक वर्षांनी उभं राहिलं.

हे सगळं मी आपल्या वर्गातल्या बोथवाल्यासाठी सांगतोय. तोही लोकांसाठी कागदच लिहायचा.

तो तुला आठवतो का, खरंच विचारतो. उंच, सावळा, निळ्या हवाई चपला. तिसऱ्या वर्षी इंग्रजीचा पेपर अडकला, त्याच उन्हाळ्यात वडील गेले, दोन बहिणी लग्नाच्या. ऑक्टोबरच्या परीक्षेला येतो म्हणून गेला तो आलाच नाही. आधी हायवेला पंक्चरचं दुकान, मग ढाबा. रस्ता चौपदरी झाला तेव्हा ढाब्याचा पुढचा भाग गेला, म्हणून मागे सरकून पुन्हा थाटला. आणि ढाब्याच्या गल्ल्याशेजारी त्याचं दुसरं दुकान चालायचं, त्याला पाटी नव्हती. अर्ज लिहायचं दुकान. म्हातारीचं पेन्शन, जातीचा दाखला, सातबाऱ्याच्या जागी आमच्याकडे असतं त्या पासबुकातल्या चुका. वनहक्काचा कायदा आला तेव्हा जंगलातल्या पोडू जमिनीसाठी गोंड-कोलामांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्याने भरले. मराठीत ऐकायचा, तेलुगूत विचारायचा, कलेक्टरला इंग्रजीत लिहायचा. ज्या विषयात विद्यापीठाने त्याला नापास केलं, त्या विषयावर त्याने तीस वर्षं पंचक्रोशीचं काम केलं. पैसे घ्यायचा नाही. समोरच्याने चहा पाजायचा, तोही ढाबा त्याचाच, त्यामुळे चहाचे पैसेही बहुतेक बुडायचे.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात गेला. हृदयविकार.

तेरवीआधी त्याचा मुलगा मला घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेला. आमच्याकडे आता श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावल्याशिवाय माणूस गेल्यासारखा वाटत नाही. कॉम्प्युटरवरच्या पोराने फोटो बसवला, वरती कोपऱ्यात दोन दिवे टाकले, तेलुगूत आणि मराठीत नाव टाकलं, आणि मान न वळवता विचारलं, “क्वालिफिकेशन?” मुलाने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. ट्रंकेत जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलेलं कॉलेजचं ओळखपत्र त्यात होतं. कडा वाळवीने खाल्लेल्या, फोटोवर शिक्क्याचा अर्धा गोल, सही फिकी पडलेली, मागे एका दूरच्या नातेवाइकाचा पत्ता. मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, “काका, बाबा बी.ए. होते ना?” मी म्हटलं, “टाक.” त्याने टाकलं: बी. ए., नागपूर. दसऱ्यापर्यंत बस स्टॉपजवळ तो फ्लेक्स होता. मग त्याच्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा चढला.

त्यात मला काही वावगं वाटत नाही. फ्लेक्सवर ती पदवी शोभली. पण पुस्तिकेत खोटं नको, तिथे त्याच्या नावापुढे पदवी लिहू नकोस. मात्र नाव लिही. तुझ्या यादीत, बघ, तो कुठेच नाही. हयातांत नव्हता आणि आता दिवंगतांतही नाही, कारण यादी तू विद्यापीठाच्या निकालावरून केली आहेस.

यंदा 21 सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या होती. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं करायला कुणी उरलं नाही, त्यांचंही त्या दिवशी पान वाढलं जातं. ही सोय आपल्या जुन्या लोकांनी फार शहाणपणाने करून ठेवली आहे. बोथवाल्याचं मात्र वर्षश्राद्ध व्हायचं आहे, म्हणून त्याच्या घरी पान नव्हतं. संध्याकाळी त्याच गल्लीत तेलुगू बायकांनी बतुकम्मा मांडली. आमच्याकडे हे एकाच दिवशी येतं, दुपारी पितर आणि संध्याकाळी तंगेडूच्या पिवळ्या फुलांभोवती फेर. लहानपणापासून पाहतोय, कुणाला विसंगत वाटत नाही.

आणि मग 2 नोव्हेंबर आला, सर्व मृतांचा दिवस. आदल्या दिवशी सिस्टरचा फोन. चर्चमध्ये मृतांची नावं लिहून देतात, तिला बोथवाल्याचं द्यायचं होतं. मी आडनाव, बापाचं नाव सांगायला लागलो तर म्हणाली, “नुसतं नाव सांग. देवाला तेवढं पुरतं.” त्या यादीत कोण ख्रिस्ती, कोण नाही, कोण किती शिकलं, हे कुणी विचारलं नाही. कॅथलिक कॉलेजात शिकून आपण मेणबत्त्या लावायला शिकलो नाही, त्याची गरजही नव्हती. पण त्यांची ही एक रीत आपण उचलायला हरकत नव्हती असं मला आता वाटतं.

पद-पदवी न विचारता माणसाची आठवण ठेवणं आमच्या जुन्या जिल्ह्याला नवीन नाही. उटनूरकडे मारलवाईला मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आणि त्याची बायको एलिझाबेथ यांची समाधी आहे. 1940 च्या दशकात त्याने तिथे गोंड मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्यासाठी गोंडी पुस्तकं देवनागरीत केली, म्हणून मराठी माणसालाही ती वाचता येत. एलिझाबेथ 1987 ला गेली, तो 1995 ला. अजून दर जानेवारीत गोंड लोक तिथे जमतात. तो लंडनचा प्रोफेसर होता हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, मला शंका आहे. ते जमतात, कारण तो त्यांच्यात राहिला होता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पहिल्या वर्षाच्या हजेरीत जेवढी नावं पुकारली जायची, तेवढी सगळी पुस्तिकेत घे. पास झालेली, अडकलेली, फी जमली नाही म्हणून दिवाळीनंतर न आलेली. दुसऱ्या वर्षी लग्न होऊन गेलेल्या त्या तिघी मुली, ज्यांची सासरची आडनावं आपण कधी विचारली नाहीत. यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा टप्पा ‘कॉलेज सुटलं’ हाच होता, आणि आपण पुस्तिकेत छापणार अमेरिकेतल्या नातवंडांचे फोटो! फोटोही छाप, माझी हरकत नाही. तुझ्या नातीचा तर मोठा छाप. पण त्याआधी दोन पानं या लोकांसाठी ठेव.

मला आठवली तेवढी नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत. सत्तावीस झाली. तुझी स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली, राजुऱ्याचा मित्र वर्गाचा मॉनिटर होता, त्याला विचार. सिस्टरलाही फोन कर, नंबर कागदाच्या मागे आहे. ती दुपारी दोननंतरच उचलते. वर्गणी कालच पाठवली. पानं वाढल्यामुळे खर्च वाढला तर वरचे पैसे माझ्याकडून घे, पण नावं कापू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नेरडीगोंडेकर