खिशातलं गाव आणि मधली भिंत

मित्रांनो, प्रवास म्हटला की एस.टी.ची खिडकी आणि डब्यातल्या दशम्या आठवतात, हो ना? आजचं आपलं गाव मात्र सदऱ्याच्या खिशात मावेल एवढंच आहे. ते गाव म्हणजे हातात धरायचा छोटा संगणक. मुक्काम तीन : दोन अमेरिकेत, एक लंडनला. चपला घातल्या नाहीत तरी चालेल!

पहिला मुक्काम कॅलिफोर्नियात. तिथल्या माउंटन व्ह्यू शहरात संगणकांच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय आहे. त्याच्या संग्रहात, कपाटाएवढ्या जुन्या संगणकांच्या जोडीला, लाकडाचा एक साधा ठोकळाही जपून ठेवलाय. जेफ हॉकिन्स नावाच्या इंजिनिअरला खिशात मावणारा संगणक बनवायचा होता. आधी त्यांनी तेवढ्याच मापाचा लाकडी ठोकळा केला आणि तो खिशात घालून हिंडू लागले. कुणी भेटीची वेळ मागितली, की ठोकळा बाहेर काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचं! खरा संगणक मार्च १९९६ मध्ये बाजारात आला. त्याचं नाव 'पायलट'. त्यातल्या एका जातीची, 'पायलट ५०००'ची, स्मरणशक्ती होती ५१२ किलोबाइट.

म्हणजे केवढी? एक इंग्रजी अक्षर ठेवायला एक बाइट लागतो आणि १०२४ बाइटचा एक किलोबाइट होतो. गुणाकार करा बरं : ५,२४,२८८ अक्षरं. एका पानावर दोन हजार अक्षरं धरली, तर आपली दोनशे पानी वही भरून थोडी उरतील. बस्स, गाव एवढंच.

आता आत शिरू. आपल्या वर्गात एक फळा असतो आणि दप्तरात वही असते. फळ्यावर गणित सोडवायचं, तास संपला की पुसायचं. जपून ठेवायचं ते वहीत. संगणकालाही दोन्ही लागतात : चालू कामाला फळा, साठवणीला वही. 'पायलट ५०००' मध्ये या दोहोंच्या मध्ये एक भिंत होती. ५१२ पैकी फक्त ३२ किलोबाइट फळ्याला, म्हणजे सोळावा हिस्सा. बाकी सगळी वही. एवढ्याशा फळ्यावर काम कसं भागायचं? त्याची युक्ती मला फार आवडते. या संगणकात प्रोग्रॅम वहीतून फळ्यावर उतरवून घ्यावा लागत नसे. तो वहीत जिथे असेल तिथूनच चालायचा. फळा लागायचा तो मधल्या आकडेमोडीपुरता. शिवाय वहीवर पहारा होता. पहारेकऱ्याला सांगितल्याशिवाय कुणालाही तिथे काही लिहिता येत नसे. त्यामुळे एखादा प्रोग्रॅम बिघडून वेडंवाकडं लिहू लागला, तरी तुमच्या मित्रांचे पत्ते सहसा खराब होत नसत.

पण गंमत पुढेच आहे. गंमत कसली, धास्तीच! इथली वहीसुद्धा खडूनेच लिहिलेली होती. फळा आणि वही दोन्ही एकाच जातीच्या स्मृतीत, आणि ती स्मृती वीज असेल तोवरच टिकायची. सगळं गाव दोन बारक्या सेलवर जगत होतं. सेल बदलायला साधारण एक मिनिट मिळायचं. तेवढ्यात नवे सेल बसवले नाहीत, तर पत्ते, भेटी, टिपणं सगळं पुसून जायचं. कल्पना करा, वर्षभर लिहिलेली वही एका मिनिटात कोरी! म्हणून सोबत एक छोटी बैठक मिळे. संगणक तिच्यात उभा करून एक बटण दाबलं, की घरच्या मोठ्या संगणकात सगळ्याची नक्कल उतरायची. जे हे नेमाने करत, त्यांना सेलची भीती नव्हती.

जागा कमी पडली तर? 'पायलट'च्या पाठीवर एक झाकण होतं. ते उघडून आतली स्मृतीची पट्टी काढायची आणि मोठी बसवायची. १९९७ मध्ये १०२४ किलोबाइटची, म्हणजे एक मेगाबाइटची पट्टी मिळू लागली. पण जुनी पट्टी काढली की जुनं लेखनही गेलं. तेव्हा आधी नक्कल, मग झाकण!

दुसरा मुक्काम उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यातलं रेडमंड. इथल्या मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या अखेरीस छोट्या संगणकांसाठी 'विंडोज सीई' आणलं. इथली भिंत सरकती! पडद्यावर एक पट्टी दिसे, तिच्यावर एक खुंटी. खुंटी एका बाजूला ओढली की साठवणीची जागा वाढे, दुसऱ्या बाजूला ओढली की कामाची. पाहुणे आले की पडदा सरकवून ओटी मोठी करतात ना, तसंच. माजघर तेवढं आक्रसणारच, दोन्ही एकदम कशी वाढतील?

तिसरा मुक्काम, लंडनची सायन कंपनी. तिच्या १९९७ च्या 'सीरिज ५' मध्ये खुंटीही नव्हती. साठवण वाढली की ती आपोआप जागा घेई, एखादी फाइल पुसली की ती जागा कामाला मोकळी होई. शिवाय बाजूला कार्ड घालायची खाच होती. हे 'कॉम्पॅक्ट फ्लॅश' कार्ड सॅनडिस्क कंपनीने १९९४ मध्ये आणलं होतं. त्याच्यावरचं लेखन खडूचं नाही, ताम्रपटासारखं कोरलेलं. वीज गेली तरी ते राहतं, आणि वाटलं तर पुसून पुन्हा कोरताही येतं. पुढे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या 'विंडोज मोबाइल ५' मध्ये सगळी साठवण अशाच न विसरणाऱ्या स्मृतीत नेली.

कार्डाचा आणखी एक उपयोग आपल्याच देशात सुचला. बंगळूरमध्ये प्राध्यापक आणि इंजिनिअरांनी मिळून 'सिम्प्युटर' नावाचा हातातला संगणक बनवला. एक यंत्र अनेकांनी मिळून वापरायचं आणि आपापली माहिती आपापल्या कार्डावर ठेवायची, अशी त्यामागची कल्पना. आपलं कार्ड घालायचं, काम करायचं, कार्ड काढून घरी न्यायचं. २००४ मध्ये तो बाजारात आला, पण फारसा पसरला नाही. कल्पना मात्र झकास होती!

आता आईचा किंवा बाबांचा फोन घ्या (विचारून हं!) आणि सेटिंगमध्ये जा. तिथे 'रॅम' आणि 'स्टोरेज' असे दोन आकडे दिसतील. रॅम म्हणजे फळा, अजूनही खडूचाच. स्टोरेज म्हणजे वही. समजा, वही ६४ जीबीची आहे. एक जीबी म्हणजे १०२४ मेगाबाइट, एक मेगाबाइट म्हणजे १०२४ किलोबाइट. तर त्या एका वहीत 'पायलट ५०००'ची किती अख्खी गावं मावतील? कागद-पेन्सिल घ्या. माझं उत्तर आलं १,३१,०७२.